गाव सुटलेलं घर : ‘चक्र’ आणि मुंबईच्या झोपडीचा इतिहास

आजचा विषय कादंबरीचा आहे, पण व्याख्यान इतिहासाचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. कादंबरीची भाषा कशी आहे, पात्रं किती रंगली आहेत, ही चर्चा जाणकारांनी पुष्कळ केली आहे. आम्हाला विचारायचंय ते वेगळं. ज्या माणसांची कुठल्याच दप्तरात नीट नोंद नाही, त्यांचा इतिहास लिहायचा झाला तर कादंबरीला साक्षीला बोलावता येईल का? आणि बोलावली, तर तिच्यावर किती विसंबायचं?

आपण आत्ता द्वारकेला बसलोय. खालून मुंबई-आग्रा रस्ता जातो आणि इथूनच पुण्याचा रस्ता फुटतो. मुंबईला जाणारी आणि मुंबईहून परतणारी माणसं किती पिढ्या या रस्त्याने गेली असतील! मे २०२० मध्ये ती परतताना आपण सगळ्यांनी पाहिली. कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून माणसं चालत येत होती. डोक्यावर बोचकं, पायात झिजलेल्या स्लिपर, कडेवर मूल. आमच्यापैकी काही जण पुलाच्या सावलीत पाणी आणि बिस्किटं घेऊन उभे होते. आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचो, कुठे जायचंय? कुणी रीवा म्हणायचं, कुणी जौनपूर. एका बाईने सांगितलं, गावाला चाललोय, पण गावात आपलं घर नाही. चुलतसासऱ्याच्या ओसरीवर उतरायचं. आम्ही तिला पाण्याची बाटली दिली आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

ते वाक्य तेव्हा आम्हाला ऐकू आलं, पण कळलं नाही. गावाला चाललोय आणि गावात घर नाही. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या वाचनाच्या बैठकीत जयवंत दळवींची ‘चक्र’ घेतली, तेव्हा ती बाई पुन्हा समोर येऊन उभी राहिली. आजचं बोलणं तिथून सुरू झालं आहे.

गिरणीवाल्याचं गाव

आधी थोडं मागे जाऊ. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली. १८५६ मध्ये ताडदेवची पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८६५ मध्ये आपल्याकडच्या थळ घाटातून, म्हणजे कसाऱ्यातून, लोहमार्ग वर आला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मुंबई वाढली ती बाहेरून आलेल्या माणसांनी. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांमागे ऐंशीहून अधिक माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. त्यांत सगळ्यात मोठा वाटा रत्नागिरीचा, मग सातारा, पुणे वगैरे घाटावरचे जिल्हे.

या माणसाचं चित्र आपल्या चांगलं ओळखीचं आहे. तो एकटा यायचा. गावचा कुणी जॉबर किंवा मुकादम त्याला गिरणीत चिकटवायचा. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तिथली खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि त्यात दहा-बारा गडी. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्याच वळकटीवर आडवी व्हायची. जेवण खानावळीत, आणि ती खानावळ चालवणारी बाई बहुतेक वेळा कुणा गिरणीवाल्याचीच बायको किंवा विधवा. महिन्याला गावी मनीऑर्डर. शिमग्याला, गणपतीला गाव.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या माणसाला गाव होतं. १८९६ मध्ये प्लेग आला, लाखो माणसं मुंबई सोडून गावी गेली. १९२८ चा संप लांबला, कामगार गावी गेले. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि तो संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हाही कित्येक कुटुंबं गावच्या भाकरीवर तगली. ती अर्धवट शेती, ते पडकं घर, ती म्हातारी आई हा गिरणी कामगाराचा विमा होता. मालकालाही हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर त्याला पगार एका माणसाचा द्यायचा. बायको-पोरांना गाव पोसतंय, हे दोघांनीही धरलेलं असायचं.

आणि दप्तरंही या माणसाची आहेत. गिरणीचा हजेरीपट, संघटनेची पावती, चाळीची भाडेपावती, पोस्टाची मनीऑर्डर. इतिहासकाराला हा गडी सापडतो. मुंबईच्या कामगारांचा मोठा इतिहास लिहिला गेला तो या कागदांच्या जोरावर.

सगळं घरच निघालं तेव्हा

आता दुसरा माणूस बघा. खरं म्हणजे माणूस नाही, अख्खं घर. नवरा, बायको, पोर, एखादी म्हातारी, एखादं भांडं. हे घर गाव राखून आलेलं नाही, गाव संपवून आलेलं आहे. दुष्काळ, सावकार, जातीचा जाच, यापैकी एका कारणाने किंवा सगळ्याच कारणांनी. त्याला गणपतीला जायला गाव नाही आणि मनीऑर्डर करायला तिकडे कुणी नाही.

असं एक घर १९३१-३२ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावाहून पायी मुंबईला निघालं. वाटेत मिळेल ते काम करत, मजल दरमजल. त्यातला दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणजे पुढचे अण्णाभाऊ साठे. अण्णाभाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा असाच वारणाकाठचं गाव सोडून आलेला. उपनगरातल्या खाणीत काम मिळतं, ती खाण बंद पडते, आणि मग घर चालवायला तो मसणातली राख चाळून सोन्याचे कण शोधू लागतो. पुढे पुरलेली प्रेतं उकरतो. एका रात्री प्रेताच्या दातांत त्याची बोटं अडकतात आणि ती गमवावी लागतात. आणि त्याच दिवशी कळतं, की खाण पुन्हा सुरू झाली आहे. हात मात्र आता कामाचा उरलेला नाही.

कथा भयंकर आहे म्हणून ती लक्षात राहते. पण इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातली साधी गोष्ट मोठी आहे. खाण बंद पडल्यावर भीमा गावी परत का जात नाही? गिरणीवाला गेला असता. भीमाच्या मागे विमा नाही. मधले बेकारीचे दिवस त्याला शहरातच काढायचे आहेत, आणि शहरात त्या दिवसांसाठी काहीही ठेवलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर अशी घरं वाढत गेली. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे ३० लाख होती, १९६१ मध्ये ४१ लाखांच्या वर गेली आणि १९७१ मध्ये ६० लाखांच्या जवळ पोचली. वीस वर्षांत दुप्पट. गिरण्या दुप्पट झाल्या नव्हत्या, चाळी तर नव्हत्याच नव्हत्या. मग ही माणसं राहिली कुठे? खाडीच्या काठाला, रेल्वेच्या कुंपणालगत, पाइपलाइनच्या आडोशाला, पुलाखाली. बांबू, बारदान, डांबराच्या पिंपाचा ठोकून सरळ केलेला पत्रा.

१९६३ साल

‘चक्र’ १९६३ ची. दळवी मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे, मुंबईत नोकरी करणारे मध्यमवर्गीय लेखक. पुढे ‘ललित’मधला ‘ठणठणपाळ’ म्हणून ते सगळ्यांना ठाऊक झाले. ‘चक्र’ ही त्यांची पहिली कादंबरी. झोपडपट्टीतली अम्मा, तिचा मुलगा बेनवा, आणि त्या पोराला ज्याचं भारी कौतुक तो लुक्का. ‘अम्मा’ ही हाक मराठी घरातली नव्हे, हे बघा. मराठी कादंबरीच्या मध्यभागी एक अम्मा येऊन बसते, यातच मुंबईचा बदललेला नकाशा आला. आता माणसं फक्त रत्नागिरी-साताऱ्याची नव्हती. तमिळनाडू, आंध्र, मराठवाडा, उत्तर प्रदेश, सगळीकडून एका पाणवठ्यावर आली होती.

रवींद्र धर्मराज यांनी त्यावर केलेला हिंदी चित्रपट काहींनी पाहिला असेल. स्मिता पाटील यांना अम्माच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटात हे कुटुंब गावातून पळून येतं, कारण अम्मावर हात टाकणाऱ्या सावकाराचा तिच्या नवऱ्याने खून केलेला असतो. आणि मुंबईत आल्यावर तो नवरा मरतो तो पत्र्यापायी. झोपडीसाठी पत्रे चोरायला जातो आणि गोळी लागून पडतो.

त्या पत्र्यापाशी आपण जरा थांबू. सरकारी कागदात झोपडी म्हणजे ‘अनधिकृत बांधकाम’. एक ओळ, एक क्रमांक. पण ते बांधकाम उभं राहतं कसं? जागेसाठी कुणाला तरी पैसे द्यावे लागतात, कारण फुकटची जागा मुंबईत कुठेच नसते. दादाची असते, नाहीतर त्याच्यावरच्या कुणाची. बांबू विकत. बारदान विकत. पाणी दुसऱ्याच्या नळावरून, तेही विकत किंवा उपकाराने. पाडापाडीची गाडी आली की पत्रे जप्त, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खरेदी. गरीब माणूस शहरात ‘फुकट’ राहतो, असं आपण सहज बोलून जातो. हिशेब मांडला तर तो चौरस फुटामागे काय मोजतो, हे बघून पांढरपेशांचे डोळे पांढरे होतील. कादंबरीकार हा हिशेब आकड्यात मांडत नाही. पण पत्रा, पाणी आणि पोलीस या तीन गोष्टींभोवती दिवस कसा फिरतो, हे तो दाखवतो. ती नोंद पालिकेच्या वहीत नाही.

दुसरी नोंद बाईची. गिरणीच्या कागदांत बाई फार थोडी दिसते. झोपडपट्टीत अख्खं घर आल्यामुळे बाई मध्यभागी येते, कारण नवरा गेला तरी चूल तिथेच राहते. तिला कुणाचा आधार घ्यावा लागतो, त्याची किंमत काय, आणि आजूबाजूचे त्याला काय नाव ठेवतात, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. ‘चक्र’ वाचून त्या काळी अनेकांना किळस आली. किळस येणं समजू शकतो. पण दप्तरात ज्याला जागा नाही, ते नेमकं त्या किळसवाण्या वाटणाऱ्या पानांवर सापडतं.

आतला साक्षीदार

आता उलटतपासणी. दळवी झोपडीत राहिले नव्हते. १९६९ मध्ये ‘माहीमची खाडी’ लिहिणारे मधु मंगेश कर्णिक हेही कोकणातून आलेले, नोकरदार वर्गातले. दोघांची नजर बाहेरून आत जाणारी आहे. ती प्रामाणिक आहे, तिच्यात करुणा आहे. पण बाहेरच्या नजरेला घाण आधी दिसते, हे मान्य करायला हवं. वस्तीत घाण असते तशी भिशी असते, भजनी मंडळ असतं, युनियनचा फलक असतो, रात्री कंदिलाखाली अभ्यास करणारं एखादं पोर असतं.

तसं एक पोर आपल्या नाशिकचं होतं. इथून नाशिकरोडकडे गेलं की विहितगाव. तिथे १९३० मध्ये बाबूराव बागूल जन्मले. त्याच वर्षी मार्चमध्ये इथल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता, हे लक्षात ठेवा. लहानपणीच ते मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात नातेवाइकांकडे गेले. अण्णाभाऊंचंही वास्तव्य त्या कॅम्पात होतं. १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं राहिलं ते याच जगातून. म्हणजे ज्या वस्तीकडे बाहेरचा लेखक नाक दाबून बघत होता, तिथे आत बसून दोन मोठे लेखक घडत होते.

बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा संग्रह १९६३ चा. ‘चक्र’चंच साल. त्यातल्या शीर्षककथेत नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो, आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. दळवी सांगतात, शहरात गरिबाला छप्पर मिळत नाही. बागूल सांगतात, खिशात भाड्याचे पैसे असले तरी मिळत नाही. गाव सोडलं म्हणजे जात सुटली, असं शहराबद्दल एक मोठं आश्वासन होतं. बागुलांनी त्याची पावती तपासली. पुढे ते मुंबई सोडून नाशिकला परतले आणि २००८ मध्ये इथेच वारले.

म्हणून आमचं म्हणणं असं, की साक्षीदार एक घेऊ नये. बाहेरचा हवा, कारण तो धक्का नोंदवतो. आतला हवा, कारण कुठे दुखतं ते त्याला माहीत असतं. आणि दोघांच्या जोडीला दप्तर हवंच.

१९८१ चा पावसाळा

आता दप्तराकडे येऊ. १९८१ मध्ये ‘चक्र’ चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी लोकार्नोच्या महोत्सवात त्याला ‘सुवर्ण बिबट्या’ मिळाला. चित्रपटाच्या शेवटी वस्तीवर बुलडोझर येतो. आणि त्याच वर्षी, १३ जुलै १९८१ रोजी, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथांवरच्या माणसांना हटवून मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवण्याची घोषणा केली. भर पावसात झोपड्या तोडल्या गेल्या, माणसं बसमध्ये कोंबून बाहेर नेली गेली. पडद्यावरचा बुलडोझर आणि रस्त्यावरचा बुलडोझर, दोन्ही एकाच साली. एकाला बक्षीस मिळालं.

‘मूळ गावी’ हे शब्द ऐकलेत? सरकारच्या डोक्यात अजून १९२१ चा गिरणीवालाच होता. प्रत्येकाच्या मागे एक गाव आहे, तिकिटाचे पैसे दिले की प्रश्न सुटला. गाव संपवून आलेलं घर सरकारला दिसलंच नव्हतं. ते १९६३ मध्ये कादंबरीत येऊन गेलं होतं.

प्रकरण न्यायालयात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्क संघटना आणि पदपथावर राहणारी माणसं अर्जदार होती. त्यांतला एक जण १९६१ मध्ये तमिळनाडूतल्या सेलमहून काम शोधत आलेला. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण उपजीविका काढून घेतली तर जगणं उरत नाही, हे त्या निकालाने मान्य केलं. माणूस पदपथावर का राहतो? काम जवळ असतं म्हणून. हे साधं उत्तर पहिल्यांदा न्यायालयाच्या कागदावर आलं. पण त्याच निकालात हेही आहे, की पदपथ सार्वजनिक आहे, आणि रीतसर नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवता येतील. तत्त्व मिळालं, छप्पर गेलं.

त्यानंतरची गोष्ट तारखांची आहे. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले होते. पुढे संरक्षणासाठी १९८५ चा पुरावा, मग १ जानेवारी १९९५, मग २०००. घराचा सगळा इतिहास एका तारखेत आला. आधी आलात तर नागरिक, नंतर आलात तर अतिक्रमण. मग माणसं कागद जपायला शिकली. रेशनकार्ड, विजेचं बिल, मतदारयादीतलं नाव. पाडापाडीत भांडी राहिली तरी चालतील, पिशवी आधी उचलायची. ज्यांची नोंद कुणी ठेवली नव्हती, ती माणसं स्वतःच दप्तरखाना झाली.

ताट आणि माणूस

एक उदाहरण बाहेरचं देतो आणि संपवतो. १९०६ मध्ये अमेरिकेत अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. लिथुआनियातून शिकागोला आलेलं एक गरीब कुटुंब, मांसाच्या कारखान्यातलं काम, आणि एकेक माणूस कसा खचत जातो त्याची कहाणी. पुस्तक गाजलं. त्याच वर्षी मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा कायदा झाला. म्हणजे कादंबरीने इतिहास घडवला म्हणा ना! पण काय झालं बघा : वाचकांना काळजी लागली ती आपल्या ताटातल्या मांसाची. त्या कुटुंबाच्या मजुरीसाठी कायदा झाला नाही.

हा धोका आपल्यालाही आहे. ‘चक्र’ वाचून आपल्याला शहराच्या बकालपणाची काळजी वाटू शकते, आरोग्याची वाटू शकते, पदपथ मोकळे हवेत असंही वाटू शकतं. नाशिक आता लहान गाव राहिलेलं नाही. सातपूर-अंबडच्या वसाहती झाल्या, पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला येतात, बांधकामावर बिहार-बंगालची पोरं आहेत. १ मे २०२० च्या रात्री महाराष्ट्रातून मजुरांना घेऊन पहिली विशेष गाडी सुटली ती आपल्या नाशिकरोडहून, भोपाळकडे, तीनशेच्या वर माणसं घेऊन. म्हणजे ‘मोठं शहर’ आता आपणच आहोत. जे प्रश्न आपण मुंबईला विचारत होतो, ते आपल्याला विचारले जाणार.

शेवटी पुन्हा त्या बाईकडे. गावाला चाललोय आणि गावात घर नाही, हे तिने सांगितलं तेव्हा ती स्वतःचा इतिहास एका वाक्यात सांगत होती. पुढचा प्रश्न सोपा होता : मग गाव सोडलं कधी, आणि का? तो आम्ही विचारला नाही. आमच्या हातात बिस्किटांचा पुडा होता आणि पुढे रांग होती. इतिहास शिकलेल्या माणसांनी हे करावं, याची आम्हाला आजही लाज वाटते.

तेव्हा घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या घराण्यात शहरात पहिलं कोण आलं, कशाने आलं, पहिली रात्र कुठे काढली, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि लिहून ठेवा. मग उद्या सकाळी जे कुणी तुमच्याकडे कामाला येतं, त्यालाही विचारा. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. फरक एखाद्या तारखेपेक्षा फार मोठा निघणार नाही, असा आमचा अंदाज आहे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.